गोष्ट पाठ आहे, अर्थ पोचत नाही: रविवारच्या वर्गासाठी मार्गदर्शन हवं

रविवारवर्ग_नाशिकरोड

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत ६ ते ११ वयाची १८ मुलं आहेत. एकच खोली आणि ४० मिनिटांचा वेळ. मुलांना गोष्टी छान येतात. योना म्हटलं की मासा, दावीद म्हटलं की गोफण, जक्कय म्हटलं की उंबराचं झाड. पण गोष्ट संपल्यावर "यातून आपण काय शिकलो?" असं विचारलं की दर रविवारी तीच तीन उत्तरं येतात: देवाचं ऐकावं, खोटं बोलू नये, सगळ्यांना मदत करावी. गोष्ट बदलते, उत्तर बदलत नाही.

अर्थ आपण सांगायचा की मुलांकडून काढून घ्यायचा? लहान-मोठी एकत्र असताना ते कसं जमवायचं? चित्रं रंगवायला दिली की वर्ग शांत राहतो खरा, पण निम्मा वेळ त्यातच जातो. पुढच्या महिन्यात योना, नोहा, द्राक्षवेल आणि चांगला शोमरोनी (लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याचा दाखला) घ्यायचे आहेत. नेमकं काय करायचं ते सांगा.

फळा_खडू

ताई, आधी तो प्रश्नच बंद करा. "काय शिकलो?" विचारलं की मुलं गोष्टीत शोधत नाहीत, बाईंना काय ऐकायचं आहे ते शोधतात. शिवाय 'तात्पर्य' हा प्रकार त्यांनी इसापनीतीतून उचललेला असतो. ससा-कासवाची गोष्ट तात्पर्यासाठीच रचलेली असते, तात्पर्य कळलं की गोष्ट सोडून दिली तरी चालते. बायबलमधल्या गोष्टी अशा पिळून घेता येत नाहीत. त्यांत बहुतेक वेळा मुख्य काम करणारा देव असतो आणि आपण मात्र दावीदाला, योनाला, नोहाला नायक करून "तसं वागा" किंवा "तसं वागू नका" म्हणून मोकळे होतो.

तयारी करताना एक साधी कसोटी लावा. गोष्टीचा अर्थ एका वाक्यात वहीत लिहा आणि त्या वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघा. कर्ता 'आपण' असेल तर तो अर्थ बहुधा वरून चिकटवलेला आहे. कर्ता 'देव' किंवा 'येशू' असेल तर तुम्ही गोष्टीच्या आत आहात. "लहान असलो तरी धीट व्हावं" हा दावीद आणि गल्याथाचा अर्थ नव्हे. १ शमुवेल १७:४७ मध्ये दावीद स्वतःच सांगतो की युद्ध परमेश्वराचं आहे. "मोठी स्वप्नं पाहा" हा योसेफाचा अर्थ नव्हे. १७ व्या वर्षी विकला गेलेला मुलगा ३० व्या वर्षी फारोपुढे उभा राहतो, त्या मधल्या १३ वर्षांत देव काय करत होता ते उत्पत्ती ५०:२० मध्ये आहे.

आता योना. तुमच्या चारही गोष्टींत ही सगळ्यात जास्त बिघडवली जाते. सर्रास सांगतात ते असं: देवाने निनवे शहरात जायला सांगितलं ते योनाने ऐकलं नाही म्हणून माशाने गिळला, म्हणून आईबाबांचं ऐका. यात मासा ही शिक्षा ठरते. पण पहिला अध्याय नीट वाचा. योना स्वतः खलाशांना सांगतो की मला समुद्रात टाका. तो बुडत असतो, मासा त्याला बुडू देत नाही. माशाच्या पोटातली त्याची प्रार्थना सुटकेबद्दल आभार मानणारी आहे. म्हणजे मासा सुटकेसाठी आलेला आहे. एवढी एक गोष्ट सरळ केली तरी निम्मं काम झालं.

दुसरी चूक म्हणजे तिसऱ्या अध्यायावर थांबणं. पुस्तकात ४ अध्याय आणि ४८ वचनं आहेत. त्यांत मासा जेमतेम तीन वचनांत आहे. खरा पेच चौथ्या अध्यायात आहे: निनवेला क्षमा मिळाली म्हणून योना रागावतो. वेल उगवतो, किडा तो खातो, ऊन लागतं, योना वेलासाठी हळहळतो. मग देव विचारतो की एका रात्रीत आलेल्या वेलाचं तुला वाईट वाटतं, तर ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं, त्यांचं मला वाईट वाटू नये का? पुस्तक त्या प्रश्नावर संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. वर्गही तिथेच थांबवा. मुलांना कागदाची चिठ्ठी द्या आणि योनाचं उत्तर लिहायला सांगा. सहा वर्षांच्या मुलाला लिहिता येत नसेल तर योनाचा चेहरा काढू द्या, रागावलेला की वळलेला. प्रश्नाचं उत्तर आणि हाताचं काम दोन्ही यात होतं.

४० मिनिटं अशी वाटून घ्या: हजेरी आणि गीत ५, गोष्ट ८, बायबल उघडून दोन-तीन मुख्य वचनांचं वाचन ३, प्रश्न १२, हाताचं काम ९, प्रार्थना ३. रंगकाम प्रश्नांच्या आधी कधीच नको. एकदा खडू हातात आले की मुलं प्रश्नाकडे परतत नाहीत.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी "काय झालं?", मग "तुम्हाला कुठे नवल वाटलं किंवा खटकलं?", मग "देवाने इथे काय केलं?" आणि शेवटी "गोष्ट इथेच का थांबली असेल?" प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक शिक्षक दोन-तीन आकड्यांतच स्वतः उत्तर देतात, मुलांना ते ठाऊक असतं, म्हणून ती वाट बघत बसतात. आणि उत्तर आल्यावर लगेच "बरोबर!" म्हणू नका. बाकीच्या सतरा जणांचा विचार तिथेच थांबतो. "कोणत्या वाक्यावरून म्हणतोस?" एवढंच विचारा.

वाचन_सोपं

वरच्या उत्तरात एक भर. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा घोटाळा अर्थाच्या आधी नावांतच होतो. शाळेत किंवा व्हिडिओत 'जोना' ऐकलेलं, इथे 'योना'. 'जॉन' म्हणजे योहान हे कळत नाही. सगळ्यात फसवं नाव याकोब: जेकब म्हणजे याकोब आणि जेम्स म्हणजेही याकोब. मुलं एसावाचा भाऊ आणि येशूचा शिष्य एकच समजतात. फळ्याच्या कोपऱ्यात दर रविवारी दोन्ही उच्चार देवनागरीत लिहून ठेवा.

तसंच याजक (मंदिरात यज्ञ करणारा), लेवी (मंदिरातला त्याचा मदतनीस), परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी), जकातदार. हे शब्द टाळू नका, पण गोष्ट सुरू होण्याआधीच एका वाक्यात फोडा. मध्येच थांबून समजावलं तर गोष्ट तुटते. जकातदाराचं स्पष्टीकरण "कर गोळा करणारा" एवढंच दिलं तर लोक त्याच्यावर का चिडतात ते कळत नाही. "आपल्याच लोकांकडून रोमी सरकारसाठी पैसे घेणारा, आणि ठरल्यापेक्षा जास्त घेणारा" असं सांगा, मग जक्कयाच्या घरी जेवायला जाणं किती मोठं होतं ते मुलांच्या लक्षात येतं.

पाठांतराचं वचन ६ ते ८ वयासाठी आठ-दहा शब्दांपेक्षा लांब नको. आणि ते गोष्टीतलंच असू द्या. गोष्ट योनाची आणि वचन दहा आज्ञांमधलं असं झालं की दोन्ही सुटी राहतात.

बालवर्ग_ताई

फळा_खडू दादांचं म्हणणं नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी पटतं. पण सहा-सात वर्षांचं मूल "गोष्ट इथे का थांबली?" याचं उत्तर देऊ शकत नाही, ते गोंधळतं आणि मोठ्यांचं उत्तर पोपटासारखं म्हणतं. लहानांना अर्थाचं एक वाक्य सरळ द्यावं लागतं. फक्त ते वाक्य दादांच्या कसोटीचं असावं, देव कर्ता असलेलं आणि पाच-सहा शब्दांचं. "देवाला निनवेच्या लोकांची काळजी होती." बस. पुढचं दोन वर्षांनी.

म्हणून गोष्ट एकत्र सांगा आणि प्रश्नांच्या १२ मिनिटांत दोन चटया करा. मोठ्यांना एक बायबल आणि पुठ्ठ्यावर लिहिलेले दोन प्रश्न द्या, त्यांचं त्यांना बोलू द्या. तुम्ही लहानांजवळ बसा. शेवटची तीन मिनिटं मोठ्यांकडे जा.

लहानांसाठी फ्लॅनेलचा फळा अजूनही मोबाइलच्या व्हिडिओपेक्षा चांगला, कारण तो थांबवता येतो आणि चित्र मुलाच्या हातात देता येतं. २ बाय ३ फुटांचा हलका प्लाय आणि सव्वा मीटर गडद निळं किंवा हिरवं फ्लॅनेल घ्या. ताणून मागच्या बाजूला ठोकायचं, सैल राहिलं तर चित्रं घसरतात. चित्राच्या पाठीला दोन बोटं रुंद पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू बाहेर. फळा थोडा मागे कललेला ठेवा आणि वरचा पंखा मंद करा, नाहीतर ऐन प्रसंगी गल्याथ आपोआप पडतो. एका गोष्टीला पाच-सहा चित्रं पुरे. गोष्ट संपल्यावर चित्रं काढू नका. एकेका मुलाला बोलवा आणि विचारा, "देवाने काहीतरी केलं ते चित्र कुठलं?" बोट कुठे जातं त्यावरून अर्थ पोचला की नाही ते तिथल्या तिथे दिसतं.

नोहाबद्दल नाशिकसाठी एक वेगळी सूचना. ही गोष्ट जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नका. गोदावरीला पूर आला, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं याची घरोघरी चर्चा चालू असते, आणि लहान मूल दोन्ही गोष्टी जोडतं: देव आपल्यावर चिडला का? असा प्रश्न आलाच तर गोलमोल बोलू नका. पूर जोराच्या पावसाने आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्याने येतो, आणि पृथ्वीचा नाश करणारा जलप्रलय पुन्हा आणणार नाही असं वचन देवाने नोहाला उत्पत्ती ९:११ मध्ये दिलं आहे, असं स्पष्ट सांगा. गोष्ट तारवाच्या दारापाशी किंवा प्राण्यांच्या रांगेपाशी संपवू नका. इंद्रधनुष्यापर्यंत न्या, तो रविवार अपुरा पडला तर प्राणी कमी करा.

तारवाची मापं (३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच) मुलांना फार आवडतात. एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे लांबी १३५ मीटरच्या आसपास. पण दोरी घेऊन अंगणात मोजायला गेलात की वर्ग संपला. ते मे महिन्याच्या सुटीतल्या बायबल शाळेसाठी ठेवा.

पिंपळगाव_बागाईत

द्राक्षवेलाचा धडा (योहान १५, येशू स्वतःला वेल म्हणतो तो) नाशिक जिल्ह्यात शिकवणं ही देणगी आहे, पण तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

पहिली अडचण शब्दाची. मराठी शास्त्रात (म्हणजे बायबलमध्ये) "तुम्ही फाटे आहा" असं आहे. आपल्याकडच्या मुलाला फाटा म्हटलं की एसटी थांबते तो रस्त्याचा फाटा आठवतो. सरळ सांगा: फाटा म्हणजे बागेतली काडी. एका शब्दाने अर्धा धडा उघडतो.

बागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तेव्हा काडीवर ठरावीक डोळे (कोंब फुटतात त्या जागा) राखून शेंडा काढतात आणि त्या डोळ्यांतून घड येतात, साधारण चार महिन्यांत द्राक्षं तयार. म्हणजे छाटणी ही वेलावरचा राग नव्हे. माळी जिच्याकडून फळाची आशा धरतो तीच काडी तो हाताळतो. १५:२ मध्ये दोन वेगळी कामं आहेत: फळ न देणारा फाटा काढून टाकणं, आणि फळ देणारा साफसूफ करणं. शिक्षक ही दोन्ही एकत्र करतात आणि मुलांना वाटतं, देव आपल्याला कापणार. सहाव्या वचनातल्या अग्नीपासून तर सुरुवात करूच नका. धड्याचा जीव 'राहा' या शब्दात आहे. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत तो किती वेळा येतो ते मुलांना पेन्सिलीने खुणा करत मोजू द्या.

गोडी छाटणीच्या दिवसांत बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात, मागितल्या तर कुणीही देतो. पानांसकट ताज्या दहा-बारा आणा. रविवारी सकाळी कापलेली काडी हातात दिली की हिरवीगार दिसते. मुलांना विचारा, ही जिवंत की मेलेली? जवळजवळ सगळी 'जिवंत' म्हणतात. एक काडी खिडकीत ठेवा. पुढच्या रविवारी पानं चुरगळतात, काडी वाळलेली असते. तिने काहीही वाईट केलेलं नाही, ती फक्त वेलापासून सुटली. "माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हाला काही करता येत नाही" हे मग समजावावं लागत नाही. म्हणून हा धडा दोन रविवारांचा करा.

एक सावधगिरी. मुलांना बाग दाखवायची असेल तर छाटणीनंतर पेस्टिंग झालेल्या बागेत नेऊ नका. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते विषारी आहे. फवारणीच्या दिवशीही नको. जानेवारी-फेब्रुवारीत, मालकाला आदल्या दिवशीची फवारणी विचारून जा, आणि तिथले घड न धुता खाऊ देऊ नका.

जाता जाता, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) जोडून घेता आला तर घ्या. मजूर नाक्यावर उभे राहणारे लोक मुलांनी पाहिलेले असतात. वर्गाचे पाच गट करा. पहिला गट सुरुवातीपासून चटया घालणं, वह्या वाटणं करेल, शेवटचा गट फक्त शेवटचं एक मिनिट. मग प्रत्येकाला सारखीच एक राजगिरा चिक्की. पण वाटप शेवटच्या गटापासून करा, आठव्या वचनात तसंच आहे. पहिल्यांना आधी दिली तर ते खाऊन मोकळे होतात आणि दाखला घडतच नाही. उलट क्रमाने दिली की पहिला गट ओरडतो, "हे बरोबर नाही!" तो ओरडा दाबू नका. त्याच क्षणी बायबल उघडून धन्याचं उत्तर वाचा. आणि मग विचारा, संध्याकाळी पाचपर्यंत नाक्यावर कुणीच न नेलेला माणूस रिकाम्या हाताने घरी गेला असता तर त्याच्या मुलांनी काय खाल्लं असतं? एक दीनार म्हणजे एका दिवसाची रोजी, म्हणजे एका घराचं एका दिवसाचं जेवण.

रविवारवर्ग_नाशिकरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. योनाचा चौथा अध्याय आणि काडी दोन्ही घेते. दोन शंका राहिल्या. चांगला शोमरोनी हा मुलांना "मदत करा" एवढाच वाटतो, कारण शोमरोनी कोण (यहुदी ज्यांना तुच्छ मानत ते शेजारचे लोक) हेच त्यांना माहीत नाही. त्याच्या जागी आजचा कुणी ठेवावा का? आणि अब्राहाम-इसहाकाची गोष्ट (देव अब्राहामाला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला सांगतो ती) पुढे यायची आहे, ती कोणत्या वयाला सांगावी?

फळा_खडू

शोमरोन्याच्या जागी कुठल्याही खऱ्या समाजाचं, जातीचं, धर्माचं नाव ठेवू नका. हेतू कितीही चांगला असला तरी सोमवारी मूल शाळेत जाऊन "आमच्या बाईंनी सांगितलं ते लोक वाईट असतात, पण एक चांगला निघाला" असंच सांगेल. त्याऐवजी गोष्ट सुरू होण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्या: "ज्याच्या शेजारी तुला बसायला आवडत नाही त्याचं नाव लिही, कुणाला दाखवू नको, खिशात ठेव." गोष्टीत शोमरोनी आला की म्हणा, आता खिशातल्या नावाचा विचार करा, तुम्ही रस्त्यात पडला आहात आणि तो येतो आहे. मुलं स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी बघतात, ती सवय इथे मोडते. वर्ग संपताना चिठ्ठ्या फाडून टाकायला लावा, कुणाच्या हाती लागता कामा नयेत.

दुसरं म्हणजे क्रियापदं मोजायला लावा. लूक १०:३१-३२ मध्ये याजक आणि लेवी काय करतात? पाहतात, निघून जातात. शोमरोनी? पाहतो, कळवळतो, जवळ जातो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, जनावरावर बसवतो, उतारशाळेत आणतो, काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो, जास्त खर्च झाला तर फेडीन म्हणतो. फळ्यावर दोन रकाने करा. एका बाजूला दोन शब्द आणि दुसऱ्या बाजूला भरलेली रांग, याहून चांगलं चित्र नाही. दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची रोजी हे त्यांना मजुरांच्या दाखल्यातून कळलेलं असेलच.

रस्ताही सांगा. यरुशलेम उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, उतार सुमारे १००० मीटर. कसारा घाटाची तिप्पट उतरण, ओसाड आणि वळणावळणाची. तिथे थांबणं धोक्याचं होतं, म्हणून पहिले दोघं नुसते दुष्ट नव्हते, घाबरलेलेही असतील. हे सांगितलं की मुलं त्यांच्यात स्वतःला ओळखतात.

आणि शेवट चुकवू नका. शास्त्री विचारतो, "माझा शेजारी कोण?" येशू गोष्टीनंतर प्रश्न उलटा करून विचारतो, "त्या माणसाचा शेजारी कोण झाला?" मोठ्या मुलांना दोन्ही प्रश्न एकाखाली एक लिहून द्या आणि फरक शोधू द्या. सात-आठ मिनिटं लागतील, लागू द्या.

बालवर्ग_ताई

इसहाकाची गोष्ट नऊ वर्षांच्या आत नको, आणि सांगाल तेव्हा मोठ्यांना वेगळं बसवा. लहान मूल ही गोष्ट अब्राहामाच्या बाजूने ऐकत नाही, इसहाकाच्या बाजूने ऐकतं. त्याच्या मनातला प्रश्न एकच असतो: माझे बाबा असं करतील का?

म्हणून सुरुवात उत्पत्ती २२:१ पासूनच करा. ही परीक्षा आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगितलेलं आहे, ते लपवून उत्कंठा वाढवायची नाही. सुरी, लाकडं यांचं वर्णन जेवढं शास्त्रात आहे तेवढंच. आजूबाजूच्या राष्ट्रांत मुलांचा बळी देत, पण या देवाने हात थांबवला आणि पुढे नियमशास्त्रात (लेवीय १८:२१, अनुवाद १२:३१) असा बळी स्पष्ट मना केला, हे त्याच वर्गात सांगायचं, पुढच्या रविवारवर ढकलायचं नाही. मुलाने तो प्रश्न विचारलाच तर उत्तर एका शब्दाचं: नाही. मग बारावं वचन वाचा, "मुलावर हात टाकू नको", आणि झुडपात अडकलेला एडका दाखवा.

वेळेचं नीट बघा. आधीची गीतं लांबून शेवटची दहा मिनिटं उरली असतील तर त्या दिवशी ही गोष्ट उघडूच नका. बाराव्या वचनाच्या आधी घंटा झाली तर मूल ती सुरी मनात घेऊन घरी जातं.